इनबॉक्स हलका करायचा तर आधी आपण काय पाठवतो ते बघा

इनबॉक्स तुंबला की माणूस आधी दुसऱ्यांना नावं ठेवतो. बँकवाले, विमावाले, कपड्यांचे सेलवाले, गावच्या मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचाही हात असतोच, पण जाहिराती एका दुपारी आवरता येतात. आवरत नाहीत ते आपल्याच अर्धवट मेलवर उलटून आलेले प्रश्न. "किती तारखेला?" "जेवण धरून की वेगळं?" "फाइल उघडत नाहीये." "कुठला गट नंबर?" आपण चार ओळी लिहायचा कंटाळा केला म्हणून समोरचा चार मेल लिहितो, आणि त्या चारांची उत्तरं पुन्हा आपल्याच बोकांडी बसतात.

आमचं घर गुहागर तालुक्यात, हेदवी आणि वेळणेश्वरच्या मधल्या पट्ट्यात. आंब्याची बाग आहे, पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत, सामायिक सातबारा आहे आणि देवस्थान समितीचा पत्रव्यवहारही माझ्याकडेच आहे. म्हणजे मेल यायची जेवढी कारणं असू शकतात तेवढी एका घरात. लग्नानंतरही बरीच वर्षं मी मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसात होते, त्यामुळे इथे राहायला आल्यावर सासऱ्यांनी "सूनबाई, हे आता तुम्हीच बघा" म्हणून कॉम्प्युटर माझ्या स्वाधीन केला.

"व्हॉट्सॲप असताना मेल कशाला?" असं शेजारीपाजारी विचारतात. व्हॉट्सॲपवर गप्पा होतात, फोटो जातात, ठीक आहे. पण मागच्या एप्रिलमध्ये कोणाला किती पेट्या कोणत्या भावाने दिल्या हे शोधायची वेळ आली की गुड मॉर्निंगच्या फुलांखालून ते उकरून काढावं लागतं. व्यवहाराचं बोलणं मेलवरच बरं.

चौकशीचं उत्तर एकदाच, पण पुरतं

खोलीची चौकशी बहुतेक वेळा अशी येते: "रूम आहे का? रेट काय?" बस. तारीख नाही, माणसं किती ते नाही, नावसुद्धा नाही. यावर "हो, आहे. कधी येताय?" असं उत्तर टाकणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात महाग. मग "14 तारखेला", मग "किती जण?", मग "चार, त्यातलं एक लहान", मग "मासे मिळतात का?", मग "स्टेशन कुठलं जवळ?" असं तीन दिवस चालतं. एवढं होऊन पाहुणे येतातच असं नाही.

म्हणून त्यांनी जे विचारलं आहे त्याबरोबर ते पुढे जे विचारणार आहेत त्याचंही उत्तर पहिल्याच मेलमध्ये द्यायचं. तारीख कळलेली असेल तर माझा मेल साधारण असा जातो:

विषय: 14 ते 16 नोव्हेंबर, एक खोली मोकळी आहे, 5 नोव्हेंबरपर्यंत कळवावे

नमस्कार,
14 नोव्हेंबर दुपारी 12 पासून 16 नोव्हेंबर सकाळी 10 पर्यंत एक खोली मोकळी आहे. खोलीत तीन मोठी माणसं आणि एक लहान मूल आरामात राहतं. भाड्याचं पत्रक सोबत जोडलं आहे. भाड्यात सकाळचा नाश्ता येतो, घावणे, आंबोळी किंवा पोहे. जेवणाचे पैसे वेगळे. शाकाहारी जेवण रोज असतं. मासे हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं आणि त्या दिवशी बाजारात जे येईल तेच ताटात येतं. संकष्टीला घरात मासे शिजत नाहीत.
रेल्वेने येणार असाल तर चिपळूणला उतरा, तिथून गुहागरला एसटी आहेत. दापोलीकडून स्वतःच्या गाडीने येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवता येते.
मोबाइलला रेंज पुढच्या पडवीत मिळते, मागच्या खोल्यांत मिळत नाही.
खोली हवी असेल तर 5 नोव्हेंबर संध्याकाळपर्यंत नुसतं "हो" एवढं उत्तर पाठवा, मी पैसे भरायचा तपशील पाठवते. तोवर उत्तर आलं नाही तर खोली पुढच्या पाहुण्यांना देईन, पुन्हा विचारणार नाही.

या मेलचा जीव शेवटच्या परिच्छेदात आहे. "कृपया लवकर कळवावे" या वाक्याने कोणीही लवकर कळवत नाही. कधीपर्यंत, काय, आणि नाही कळवलं तर काय होणार, या तिन्ही गोष्टी लिहिल्या की दोघंही मोकळे. आठवणीचा मेल मला करावा लागत नाही आणि "अजून आहे का हो खोली?" हा त्यांचाही येत नाही. रेंजची ओळ काही पाहुण्यांना विनोदी वाटते. पण लॅपटॉप घेऊन "वर्क फ्रॉम होम" करायला येणाऱ्यांशी होणारी अर्धी वादावादी त्या ओळीने मिटली आहे.

हे दर वेळी नव्याने टाइप करायचं नाही. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधल्या "ॲडव्हान्स्ड" भागात जाऊन "टेम्प्लेट्स" चालू करा. मग मेल लिहिताना खालच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की मजकूर टेम्प्लेट म्हणून साठवता येतो आणि पुढच्या वेळी तिथूनच आणता येतो. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही, म्हणून तोच मजकूर मी फोनच्या नोट्समध्येही ठेवला आहे. फक्त तारीख आणि नाव बदलल्याशिवाय सेंडला हात लावू नका. नाशिकच्या पाहुण्यांना सोलापूरकरांचं नाव गेलं की पुढचे दोन मेल क्षमा मागण्यात जातात.

आंब्याचं टेम्प्लेट वेगळं. त्यात पेटी किती डझनाची, फळाचं वजन साधारण किती, पेट्या कोणत्या वारी निघतात आणि सांगितलेला भाव कोणत्या तारखेपर्यंत धरायचा, एवढं हवंच. हापूसचा भाव मार्चमध्ये एक आणि मेच्या मध्यावर दुसराच असतो. भावाला तारीख घातली नाही तर जुना मेल दाखवून घासाघीस करणारे निघतात.

पेटी निघाली की आणखी एक मेल जातो. तो तर मी तक्रारी यायच्या आधीच त्यांना दिलेलं उत्तर म्हणून लिहिते: फळ मुद्दाम कच्चं पाठवलं आहे, पेंढ्यातच राहू द्या, फ्रिजमध्ये घालू नका, वास सुटला आणि देठाजवळ हलकं दाबल्यावर मऊ लागलं की खायला काढा. पूर्वी "पेटी आली पण आंबे हिरवे आहेत!" हे वाक्य उद्गारचिन्हासकट दर हंगामात येत असे. साक्याचंही तसंच. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच आत पांढरट, स्पंजासारखा भाग सापडतो. म्हणून "असं फळ निघालं तर फोटो आणि पेटीवरचा नंबर एकाच मेलमध्ये पाठवा" हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर एका मेलमध्ये तक्रार, दुसऱ्यात फोटो आणि तिसऱ्यात नंबर.

आणि "हा खरा रत्नागिरी हापूस आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर मी मेलच्या सहीत टाकून दिलं आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात, आणि बागायतदारांना स्वतःची नोंदणी करता येते. नोंदणी क्रमांक, फोन करायची वेळ, गावाचा पत्ता, एवढं सहीत असलं की पुरे. सहीखाली सुविचार, गुलाबाचं चित्र आणि "हा मेल प्रिंट करण्यापूर्वी झाडांचा विचार करा" ही मिरवणूक नको.

विषयाची ओळ

देवस्थानचा पत्रव्यवहार हातात आल्यावर मी सगळ्यात आधी विषयाच्या ओळी बदलल्या. शिमग्याला पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत येणार, हे मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना वेळेवर कळलं पाहिजे. कोकण रेल्वेची तिकिटं म्हणजे काय प्रकरण आहे ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. मार्च अखेरच्या पालखीसाठी जानेवारीतच तिकीट काढायला बसावं लागतं. आणि आमचा मेल जायचा, त्याचा विषय असायचा "शिमगोत्सव" किंवा नुसतंच "महत्त्वाचे". आत दोन परिच्छेद देवाची कृपा, मग कार्यकारिणीचे आभार, आणि तारखा सगळ्यात खाली. मग ज्याने त्याने मेल न उघडताच विचारायचं, "तारखा ठरल्या का?"

आता विषयच असा असतो: "पालखी: वरची वाडी 24 मार्च, खालची वाडी 25 मार्च". मेल उघडलाच नाही तरी काम झालं. फोनच्या पडद्यावर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून "श्री देवस्थान समितीतर्फे सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की" हे तिथे घालू नका. ते आत, पहिल्या ओळीत शोभतं. ज्या मेलवर काही करायचं आहे त्याच्या विषयात ते काम आणि तारीख लिहा. नुसती माहिती असेल तर "माहितीसाठी" हा शब्द आधी टाका, म्हणजे वाचणारा निवांत राहतो.

आणखी एक खोड मोडायला हवी. गणपतीच्या वर्गणीच्या जुन्या मेलला उत्तर म्हणून देवळाची कौलं शाकारायचा विषय काढायचा. सहा महिन्यांनी कौलारूचा खर्च शोधायला जावं तर तो "वर्गणी" नावाखाली गाडलेला. विषय बदलला की नवा मेल.

सगळ्यांना उत्तर

मेलच्या पत्त्याच्या तीन चौकटी असतात आणि तिघींचं काम वेगळं. ज्याने काही करायचं आहे तो "टू"मध्ये. ज्याला फक्त कळलं पाहिजे तो "सीसी"त. गर्दी "बीसीसी"त.

गावच्या यादीला पाठवताना मी टूमध्ये माझाच पत्ता घालते आणि बाकी सगळे बीसीसीत. त्याने दोन गोष्टी साधतात. एकाचा पत्ता दुसऱ्याला जात नाही. कोणाच्याही परवानगीशिवाय त्याचा पत्ता शंभर जणांना वाटणं हे वाईटच. आणि कोणी "रिप्लाय ऑल" दाबलं तरी उत्तर माझ्याकडेच येतं. नाहीतर एकाने "छान निर्णय" म्हणायचं, दुसऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकायचं, बडोद्याच्या काकांनी "माझं नाव यादीत चुकलं आहे" कळवायचं, आणि कोणीतरी वैतागून "कृपया सर्वांना उत्तर देऊ नका" हे सर्वांनाच कळवायचं.

हा रोग जुना आहे. 1978 मध्ये अमेरिकेत डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्रीवाल्याने त्या वेळच्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, साधारण 400 जणांना एकाच दमात जाहिरातीचा मेल पाठवला. पहिला स्पॅम, म्हणजे न मागता आलेला जाहिरातीचा मेल, म्हणून त्याचंच नाव घेतात. पत्त्यांची यादी इतकी लांब झाली होती की ती खाली मजकुरातच उतरली. आमच्या मंडळाच्या काही मेलमध्ये अजूनही आधी दीड पान पत्ते आणि मग "जय भवानी" दिसतं, तेव्हा मला हे गृहस्थ आठवतात.

तुम्हीच अशा धाग्यात अडकला असाल तर भांडत बसू नका. जीमेलमध्ये तो मेल उघडून मेनूतून "म्यूट" करा. पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये न येता परस्पर "ऑल मेल"मध्ये जातात, हवी तेव्हा शोधता येतात.

टूमध्ये चारजण असले तर कामं नावानिशी वाटा. "सर्वांनी बघून घ्यावे" म्हटलं की कोणीच बघत नाही. सामायिक जमिनीच्या कागदांसाठी मी लिहिते: "भाऊकाका: वारस नोंदीचा फेरफार 20 तारखेपर्यंत. ठाण्याच्या वहिनी: आजींचा मृत्यू दाखला, स्कॅन चालेल. दादा: तुम्हाला काही करायचं नाही, माहितीसाठी." ज्याला काही करायचं नाही त्यालाही तसं सांगावं, नाहीतर तो काळजीने फोन करतो.

फाइल जोडताना

"स्कॅन 0012" नावाची फाइल आपल्याला आज कळते, कारण आपणच ती आत्ता काढली. समोरच्याकडे अशा "स्कॅन 0012" चार जणांकडून आलेल्या असतात. पाठवण्याआधी नाव बदला: "सातबारा, गट नंबर अमुक, जुलै 2025". बँक, तलाठी कार्यालय, कुठेही कागद पाठवा, नाव नीट असेल तर "परत पाठवा" हा मेल येत नाही.

जीमेलवर एका मेलला 25 एमबीपर्यंतच जोडता येतं. हल्लीच्या फोनचे खोल्यांचे सहा-सात फोटो जोडले की आपण त्या मर्यादेजवळ पोचतो. त्यावर गेलं की जीमेल फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतं, आणि इथे गंमत होते. लिंकला परवानगी दिली नसेल तर पाहुण्याला फोटोऐवजी कुलूप दिसतं आणि तुम्हाला "ॲक्सेस मागितला आहे" असा मेल येतो. फोटोसारख्या गोष्टीला "लिंक असलेल्या कोणालाही" अशी परवानगी आधीच द्या. आधार, पॅन, बँकेचं पासबुक यांना मात्र अशी उघडी परवानगी कधीही देऊ नका. ते ज्याला द्यायचं त्याच्याच पत्त्याला. आणि फोटो लहान करून पाठवले तर लिंकची भानगडच नको. आमच्यासारख्या रेंजमध्ये मोठा फोटो उघडेपर्यंत चहा होऊन जातो.

मायना, सूर आणि भांडण

नाव माहीत असताना "डिअर सर/मॅडम" लिहू नका. अनोळखी माणसाला आडनावापुढे साहेब किंवा मॅडम, ओळखीच्याला जे नातं असेल ते. घरच्या वडीलधाऱ्यांना मेलवरही "सा. न." चालतो, त्यांना तो आवडतो. तरुण मुलांनी एका ओळीत "पाठवा ना लवकर" लिहू नये. बोलताना त्यात जो आर्जव असतो तो मेलमध्ये पोचत नाही, हुकूम पोचतो.

उत्तर लगेच देता येत नसेल तर एवढं तरी कळवा: "मेल मिळाला, बुधवारपर्यंत सांगते." अर्ध्या मिनिटाचं काम, आणि मंगळवारी येणारा "मिळाला का?" वाचतो.

वाटणीचं, हद्दीचं, फणस कोणाच्या आवारात पडला त्याचं बोलणं मेलवर नको. फोन उचला, किंवा गणपतीला सगळे आले की ओटीवर बसून काय ते बोला. लिहिलेला शब्द पुढे ढकलला जातो, तिसऱ्याच चुलत भावाकडे पोचतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली आहे, म्हणजे रागात लिहिलेलं उद्या वकिलाच्या फायलीतही दिसू शकतं. रागाचा मेल लिहायचाच असेल तर टूची चौकट रिकामी ठेवून लिहा. सकाळी वाचा. बहुतेक वेळा तो पाठवण्याच्या लायकीचा राहत नाही.

"अन्डू सेंड"ची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत सेटिंग्जमध्ये 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. वाढवून ठेवा, नाव किंवा तारीख चुकल्याचं त्या तीस सेकंदांतच लक्षात येतं. आणि रात्री अकराला उत्तर लिहिलं तरी "शेड्यूल सेंड"ने सकाळी आठची वेळ लावा. रात्री उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं बाई जाग्याच आहेत, आणि गप्पा सुरू होतात.

आता येणाऱ्यांकडे

एवढं केलं की खरे मेल कमी होतात, आणि मग कचरा ठळक दिसायला लागतो. तो काढायला फार वेळ लागत नाही.

जाहिरातीच्या मेलवर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी "अनसबस्क्राइब" दिसतं, ते दाबा. 2024 पासून गूगलने जीमेलवर दिवसाला 5000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यायला लावली आहे, आणि दोन दिवसांत नाव काढलं गेलं पाहिजे असा नियम आहे. 2025 मध्ये "मॅनेज सबस्क्रिप्शन्स" हा पर्यायही आला. त्यात कोण सगळ्यात जास्त पाठवतो त्याची यादीच मिळते. वरून सुरुवात करा. जो मेल मुळातच संशयास्पद वाटतो त्यातल्या अनसबस्क्राइबच्या लिंकला मात्र हात लावू नका, त्याने तुमचा पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना कळतं. तो सरळ स्पॅममध्ये टाका.

बँकेची मासिक विवरणपत्रं, विजेची बिलं, विम्याच्या पावत्या हे लागतं, पण रोज डोळ्यांपुढे नको. त्यांच्यासाठी फिल्टर करा: मेलवरच्या तीन टिंबांतून "फिल्टर मेसेजेस लाइक दीज", मग "स्किप द इनबॉक्स" आणि एक लेबल. हेही कॉम्प्युटरवरूनच करावं लागतं. पैसे गेल्या-आल्याचे तातडीचे मेल मात्र फिल्टरमध्ये घालू नका, ते समोरच दिसले पाहिजेत. बुकिंगच्या साइट एकाच पत्त्यावरून खरं बुकिंग आणि "ऑफर लावा, ग्राहक वाढवा" असे दोन्ही मेल पाठवतात. तिथे नुसत्या पत्त्यावर फिल्टर लावू नका, विषयातले शब्दही घाला, नाहीतर पाहुणे दारात आणि बुकिंग लेबलात अशी पाळी यायची.

राहिलेले मेल कसे हाताळायचे ते मला बागेनेच शिकवलं. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला आंबा हातात घेतला की तिथल्या तिथे ठरतं, हा चार डझनच्या पेटीचा, हा सहाच्या, हा डागी म्हणून रसाला. "मग बघू" म्हणून कोणी तो परत ढिगात टाकत नाही. मेलही एकदा उघडला की सोडवायचा. दोन मिनिटांचं काम असेल तर लगेच उत्तर, दुसऱ्याचं असेल तर त्याच्याकडे, नंतरचं असेल तर "स्नूझ" करून त्या दिवसावर, आणि संपलं असेल तर आर्काइव्ह, म्हणजे न पुसता इनबॉक्सबाहेर. वाचून पुन्हा "न वाचलेला" करून ठेवायची सवय फार लोकांना असते. तोच मेल पाच वेळा वाचायचा आणि एकदाही उत्तर द्यायचं नाही, असा तो प्रकार.

मेल बघायच्या वेळा ठरवा. मी नाश्त्याची गडबड आटोपली की एकदा आणि दुपारी चारच्या चहाला एकदा बसते, एप्रिल-मेमध्ये रात्री आणखी एकदा. फोनवरची मेलची घंटा बंद. ज्याला तातडीचं आहे तो फोन करतो. पावसाळ्यात दिवे गेले आणि रेंज पडली की लिहिलेले मेल फोनच्या आउटबॉक्समध्येच बसून राहतात. बाजारात निघण्याआधी तिथे नजर टाका, नाहीतर आपण समजतो उत्तर गेलं आणि समोरचा समजतो हे लोक उद्धट आहेत.

जागेचंही बघा. गूगलचे फुकटचे 15 जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. ते भरले की नवे मेल येणंच थांबतं, आणि हे नेमकं हंगामात व्हायचं. शोधाच्या चौकटीच्या उजवीकडच्या रेषांच्या खुणेवर क्लिक केलं की एक छोटा फॉर्म उघडतो. त्यात आकार 10 एमबीपेक्षा जास्त असं घाला. लग्नांचे व्हिडिओ, जुनी ब्रोशर्स, सगळं रांगेत पुढे येतं. लागतं ते उतरवून घ्या, बाकी काढून टाका. काढलेलं 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतं, जागा लगेच हवी असेल तर ट्रॅशही रिकामा करा.

फसवे मेल

"तुमचं पार्सल अडकलं आहे", "आज वीज तोडली जाईल", "केवायसी संपलं आहे". घाई करायला लावणारा मेल दिसला की हात मागे घ्या. पाठवणाऱ्याचं नाव वाचू नका, त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यायला 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली होती, त्यामुळे बँकेच्या नावाने भलत्याच शेपटीची लिंक आली तर ती उघडायची नाही. मोठी ऑर्डर देणारा "चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा" म्हणाला तर आधी खात्यात पैसे खरंच आलेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच 1930 ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

गणपतीत

गणपतीच्या दिवसांत आमच्या घरात मेल बघायला कोणालाच फुरसत नसते, आणि नसावीही. त्यासाठी "व्हेकेशन रिस्पॉन्डर" लावून ठेवते. मजकूर छोटा: "गणेशोत्सवामुळे अमुक तारखेपर्यंत मेल पाहिले जाणार नाहीत. खोलीचं बुकिंग आधीच झालं असेल तर खालच्या नंबरवर फोन करा. नवीन चौकशीचं उत्तर अमुक तारखेनंतर मिळेल." एकाच माणसाने पुन्हा पुन्हा मेल केला तर जीमेल त्याला हे उत्तर सारखं पाठवत नाही, चार दिवसांनंतर पुन्हा मेल आला तरच परत जातं. "फक्त माझ्या कॉन्टॅक्ट्सना" ही खूण करू नका, कारण नवे पाहुणे कॉन्टॅक्ट्समध्ये नसतात. आणि शेवटच्या दिवसाची तारीख तिथे भराच. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीसाठी खोली विचारणाऱ्यालाही "आम्ही गणपतीत आहोत" असंच उत्तर जात राहील.